झोपवलेले पहारेकरी

सुरत, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. रिना, आणि नवापूरच्या कोंबडीशेड खरवडणाऱ्या माझ्या साऱ्या बहिणींनो,

आशीर्वाद. तुमच्या छातीत शेडची धूळ भरली, पण मालकाने तोंडाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नाही. हा राग माझाही आहे.

काल तुम्ही खोकल्यावर सुई टोचणाऱ्या कंपाउंडर धर्मेंद्रचा हात मोडलात, असं शेजारचा अमृत सांगतो. रिना, तुझं डोकं ठणकतंय, उलट्या होतात, हेही तोच म्हणाला. तू माझा फोन कापतेस, म्हणून हे पत्र अमृतच्या मोबाइलवर धाडतोय. तो सगळ्यांसमोर वाचेल.

तुमच्यासोबत शेड खरवडणाऱ्या दाजींचा आजार इथल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावला. शेडच्या पत्र्याखाली पारवे बसतात. त्यांची वाळकी विष्ठा तुम्ही कोरडीच खरवडता, कारण ओलं खत व्यापारी उचलत नाही. त्या विष्ठेत यीस्टच्या जातीची बुरशी वाढते. श्वासातून ती आत शिरली की फुप्फुसातल्या पहारेकरी पेशी तिच्यावर तुटून पडतात, गिळतात, मारतात. पण तिच्या अंगावर बुळबुळीत कवच असतं, पकड सुटते. एखादी गिळली गेली तरी पहारेकऱ्याच्याच पोटात वाढते, त्याला फोडून बाहेर पडते, नाहीतर त्याच्यावर स्वार होऊन मेंदू गाठते.

"तरी बहुतेक माणसं ही लढाई जिंकतात," बाई म्हणाल्या. "यांना सुई कसली देत होते?"

धर्मेंद्रची सुई! स्टेरॉइड. खोकला थांबायचा, माणूस दुसऱ्या दिवशी कामाला हजर. आत मात्र पहारेकरी बधिर पडायचे.

शनिवारी दाजी शुद्धीवर होते. मी वॉर्डात तावातावाने बोलत होतो. ते म्हणाले, "नेताजी, सभा आटपा. पाणी द्या."

रविवारी झटके आले. चौघांना आवरेनात. जीभ चावली गेली, उशी रक्ताने भिजली.

वर तुझ्या नावाआधी मी 'सौ.' लिहिलं नाही. तुझ्या ध्यानात आलं असेल.

आज पहाटे आपले गोवालदाजी गेले.

त्यांचंही आधी डोकंच ठणकलं होतं, रिना. आणि तीच सुई तूही घेतलीस. 'नवऱ्याला न्यायला ये' लिहिलं असतं तर तू धावत आली असतीस. पण मी तुला तुझ्यासाठी बोलावतोय. या बुरशीवर औषध आहे. दाजींना उशिरा मिळालं.

शेड फोडायची तर नंतर मी पुढे असेन. बायांनो, आज एवढंच करा. रिना शिव्या देईल, चावेल, मालकाच्या दारात ठाण मांडेल. तिला उचला आणि दुपारच्या सुरतच्या गाडीत बसवा.

स्टेशनवर उभा असलेला,
तुझा भाऊ
उमाकांत