मागचं दार

सोमवार, ३ मार्च
भाचीला यादी हवी आहे! नोकरीसाठी या शहरात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला. "मामा, तुम्ही जन्मभर खानावळी तपासल्यात. तुमच्या आवडीची पाच ठिकाणं लिहून द्या. खरी खरी!" चाळीस वर्षं या शहराचं मीठ खाल्लंय — पाच म्हणजे डाव्या हातचा मळ.

१. कोर्टामागची अंड्यांची गाडी. बारानंतर जाऊ नये. तेल बदलत नाही.
२. पुलाखालचा सूपवाला. तोंडाचा फटकळ, हाताचा स्वच्छ.
३. छापखान्याशेजारी तळलेले मासे. उभ्याने खावे लागतात, पण खावेत.

चौथ्या आकड्यापुढे हात आपसूक चालला. लिहून झाल्यावर वाचलं — जिन्याखालची खानावळ. ती जळून सव्वीस वर्षं झाली.

मंगळवार, ४ मार्च
कागद फाडला. नवा घेतला. चौथ्या जागी पुन्हा तेच!

गुरुवार, ६ मार्च
दर गुरुवारी मी एकीच्या खानावळीत जेवतो. जिन्याखालच्या खानावळीत ज्या बाई स्वयंपाक करायच्या, त्यांची ही मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिने स्वतःची खानावळ काढली. आठ टेबलं. तेव्हापासून माझा एक गुरुवार चुकला नाही. मी कोण, हे तिला ठाऊक नाही. "काका, आज बटाटे बघा कसे झालेत," म्हणते आणि न विचारता वाढते.

हाताला आईची चव आहे. तीच, तंतोतंत. पहिला घास पोटात गेला की वाटतं, पाठीमागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय. मी वळत नाही. वळलो तर बाई दिसतील आणि विचारतील, "साहेब, अजून वाढू?" भीती वाटते. या वयातही वाटते. तरी जातो!

शुक्रवार, ७ मार्च
इथे तरी लिहून टाकतो.

तो बुधवार होता. तपासणीला गेलो. माझी पद्धत अशी — आधी जेवायचं, मग तपासायचं. पोटभर जेवल्यावर उठवतंय कोणाला! फॉर्मवर शेवटचा रकाना होता, मागचं दार. स्वयंपाकघरात पाऊलही न टाकता, बसल्या जागी लिहिलं — मोकळं. सही ठोकली. बाईंनी वर भात वाढला.

शनिवारी दुपारी आग लागली. गिऱ्हाइकं पुढून पळाली. बाई आत राहिल्या. आग विझवणाऱ्यांचा प्रमुख मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाराला आतून तेलाचे डबे टेकवलेले होते हो, पार छतापर्यंत! मालक म्हणतो, सोमवारी माल आला." सोमवारी. आणि बुधवारी मी दहा पावलांवर बसून भात कालवत होतो.

कचेरीत माझ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." अहवालात दार मोकळंच राहिलं. मीही राहू दिलं. भित्रा मेला!

मंगळवार, ११ मार्च
भाचीचा फोन. "मामा, यादीचं काय झालं?" म्हटलं, चौथं ठिकाण अडलंय. "एवढं काय बघताय? मुलगी द्यायची आहे का तिथे?" खो खो हसलो. मग फोन ठेवला.

चौथ्या जागी बाईंच्या मुलीची खानावळ लिहायची तर आधी तिला सांगायला हवं. हाकललं तर हाकलू दे.

गुरुवार, १३ मार्च
गेलो. ताटाला हात लावला नाही. "बरं नाही का, काका?" म्हटलं, बोलायचंय. "मग उद्या तीनला या. तेव्हा कोणी नसतं."

शुक्रवार, १४ मार्च
सांगितलं. सगळं — जेवण, सही, डबे, साहेब. ती कांदा चिरत होती. सुरी थांबली. वाटलं, आता शिव्या घालील. घालायला हव्या होत्या.

तिने एवढंच विचारलं, "म्हणजे ते दार आतून उघडणारच नव्हतं?"

"नाही."

"बाहेरची कडी काढलेली असती, तरी?"

"कसली कडी?" मी म्हणालो.

ती तिथेच जमिनीवर बसली. मग बोलायला लागली. अर्धं समजलं, अर्धं रडण्यात गेलं. मला तिच्याजवळ बसायचाही धीर झाला नाही.

शनिवार, १५ मार्च
आगीच्या दिवशी सकाळीच ती आजोळहून परत आली होती. डब्यांचं तिला काही माहीत नव्हतं. आई कशावरून तरी रागावली, म्हणून ही रुसली आणि गल्लीतून दाराला बाहेरची कडी घालून पळाली. नऊ वर्षांची पोर! आईला आपणच कोंडून मारलं, असं ती सव्वीस वर्षं समजत आली. अहवालही मिळवून वाचला होता तिने — मागचं दार, मोकळं.

आणि मी समजत होतो, गप्प बसून मी फक्त स्वतःला वाचवलं.