हेलेनाबाईंसाठी शंभर पिएरोगी

१ डिसेंबर २०२५, सोमवार
निर्णय झाला. येत्या तेरा तारखेला प्रमिलाच्या आजीची, म्हणजे हेलेनाबाईंची जन्मशताब्दी. बाई मूळ पोलंडच्या. महायुद्धात निर्वासित होऊन कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आल्या आणि तिथल्याच एका शाळामास्तरांशी लग्न करून राहिल्या. बायकोच्या घराला एवढा हेरिटेज, आणि कुणाला फिकीर नाही. मला आहे. (मी पेणचा. पण जबाबदारी रक्तावर ठरत नसते.)
शंभर वर्षं, शंभर पिएरोगी. सगळ्या मी करणार. एकटा. पाहुणे बारा.

३ डिसेंबर
हेलेनाबाईंची मुलगी, म्हणजे माझ्या सासूबाई मनोरमा, पंधरा तारखेपर्यंत इथे आखातात आमच्याकडेच आहेत. वय सत्त्याहत्तर, डोळे निळे, बोलणं कोल्हापुरी. त्यांना यूट्यूब दाखवलं. म्हणाल्या, ह्या व्हय? ह्या तर पाण्यात उकडलेल्या करंज्या. आई करायची की.
करंजी वेगळी आणि पिएरोगी वेगळी, हे समजावून सांगितलं. उच्चार तीनदा करून घेतला. ग्रास्पिंग चांगलं आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार
हाफ डे. सामान आणलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, बटाट्यात चक्का घाला, पण घट्ट बांधून घ्या, न्हाईतर फुटतंय सगळं. म्हटलं, आई, तुम्ही फक्त आराम करायचा. हे सगळं तुमच्यासाठीच आहे.
किचनचं दार लावून घेतलं. चक्क्याऐवजी लबने, म्हणजे इथलं अरबी घट्ट दही, आणलंय. इथे राहतो तर इथलं वापरावं.

६ डिसेंबर
पहिली ट्रायल. चौदा केल्या, चौदा फुटल्या. अस्मी पातेल्यात बघून म्हणाली, बाबा, धिस इज सूप. पोलंड सूपसाठीही प्रसिद्ध आहे. यश: आंशिक.

८ डिसेंबर
सासूबाई हल्ली समोरच्या कॉन्सेप्टाकडे जाऊन बसतात. कॉन्सेप्टा वसईची, हॉटेलच्या बेकरीत कामाला. प्रमिला आणि अस्मीसुद्धा संध्याकाळी तिकडेच. बरं आहे, म्हातारीचं मन रमतं. मला एकाग्रता मिळते.
आज त्यांच्या पदराला मैदा होता. माझ्याच किचनमधून उडाला असणार. दार आणखी घट्ट लावायला हवं.

११ डिसेंबर
दुसरी ट्रायल. सहा न फुटता निघाल्या! देरा भागातल्या माझ्या ऑफिसात नेल्या. तिथल्या उमरने एक चावली, बराच वेळ चावली आणि इन्शाल्ला म्हणाला. पॉझिटिव्ह फीडबॅक.

१३ डिसेंबर, शनिवार. दुपारी ३
अडतीस तयार. उरलेल्या बासष्ट तासाभरात होतील.

सायं. ५:५०
अडतीसच आहेत. वेळ वाचवायला सगळ्या एकदम उकळत्या पाण्यात टाकल्या.

६:१०
आता एकच आहे. पातेल्याच्या आकाराची.

६:२०
पाहुणे सातला येणार. घाबरायचं कारण नाही. अल क्वोजमधल्या एका गोदामात फ्रोझन मिळतात असं नेटवर आहे. कुणाला कळणार? प्रमिलाला म्हटलं, क्रीम आणतो, आलोच. यल्ला, निघालो.

१४ डिसेंबर, रविवार
कालचं लिहितो. गोदाम बंद होतं. येताना अपघातामुळे अख्खा रस्ता ठप्प. सव्वानऊला घरी पोचलो, तर जेवणं आटोपलेली.
शंभर पिएरोगी. मोजून. सासूबाई, प्रमिला, अस्मी तिघींनी आठवडाभर कॉन्सेप्टाकडे करून तिच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. प्रमिला म्हणाली, तुझ्या झाल्या असत्या तर या काढल्याच नसत्या. याला विश्वास म्हणतात का, हे मी विचारलं नाही. माझ्यासाठी चार झाकून ठेवल्या होत्या. बऱ्या होत्या. चारही संपवल्या.
पण एक गोष्ट. सगळ्यांचे डोळे लाल. कॉन्सेप्टा तर उघड रडत होती. जेवताना म्हणे सासूबाईंनी आपल्या आईचं काहीतरी सांगितलं. या पिएरोगी करताना ती कुणासाठी एक बाजूला काढून ठेवायची, ते. प्रमिलालासुद्धा आजवर माहीत नव्हतं. मी अस्मीला विचारलं, कुणासाठी? म्हणाली, यू हॅड टु बी देअर, बाबा. प्रमिला सांगायला लागली आणि मध्येच उठून भांडी घासायला गेली.
हरकत नाही. उद्या एअरपोर्टला सासूबाईंना मीच सोडणार आहे. त्यांच्याच तोंडून ऐकेन. ओरिजिनल सोर्स.

१५ डिसेंबर, सोमवार
प्रमिलाच्या ऑफिसात ऑडिट, म्हणून तिने घरीच निरोप घेतला. दोघी दाराशी बराच वेळ उभ्या होत्या. गाडीत आम्ही दोघंच. एकदम विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी दिली. पोलंडच्या सीमा कधी कधी बदलल्या, लोकसंख्या, हवामान, मुख्य पिकं. सासूबाई खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होत्या. एकदा म्हणाल्या, जावईबापू, आई न्हवं... तेवढ्यात मी गहू आणि राय या तिकडच्या धान्यातला फरक सांगत होतो, तो पूर्ण केला. मग टर्मिनल आलं.
पाया पडलो. डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुमाला लई म्हाइती हाय बघा. आणि गेल्या.
संध्याकाळी प्रमिलाने विचारलं, आई गाडीत बोलली का काही?
म्हटलं, हो, खूप बोलणं झालं.