उलटा ए

मेलकावेरी, कुंभकोणम
५ फेब्रुवारी १९५६

प्रिय एकोजी,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्याचं कारण शेवटी सांगेन, आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. तुझं मागचं पत्र आलं होतं ते तमिळमध्ये, आणि तेही माझ्या आप्पांच्या वर्षश्राद्धाला येता येत नाही एवढंच सांगणारं. मी मात्र मराठीतच लिहिणार. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी ही आपल्या गल्लीची रीत तू मोडलीस, म्हणून मी का मोडू? शिवाय मला आज तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तमिळमध्ये मला भाजीवालीशीसुद्धा धड भांडता येत नाही.

मासिकाचा महामहम विशेषांक पोचला. छापखान्याचे कृष्णमूर्ती स्वतः उन्हातून चालत घेऊन आले. बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमच्या स्नानपर्वणीसाठी गावातल्या भिंतींना चुना लागतो आहे, तळ्याभोवती बांबू उभे राहताहेत, जिथे तिथे माणूस कामात. पण एवढ्यातून वेळ काढून ते आले, कारण त्यांना वाटलं मला आनंद होईल. आत तुमच्या तिघांच्या गप्पा आहेत, ‘कला आणि यंत्र’ अशा मथळ्याच्या. सिनेमाचे पडदे रंगवणारे ते एक, गिरणीच्या साड्यांना नक्षी काढून देणारे दुसरे, आणि तिसरा तू, मद्रासचा नामांकित चित्रकार. छान बोलतोस हं तू आता. यंत्राला घाबरू नये, यंत्र कलावंताला मोकळं करतं, वगैरे. इथपर्यंत मीही मान डोलावत होते. मग ते वाक्य आलं. ‘पूर्वी माझी रेघ कोरणाऱ्याच्या हातातून जायची आणि वाटेतच अर्धी मरायची, आता कॅमेरा ती जशीच्या तशी लोकांपुढे ठेवतो.’ कोरणारा कोण होता, त्याला काही नाव होतं का, हे विचारणाऱ्याने विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. कृष्णमूर्ती समोर बसले होते म्हणून मी त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर तो अंक मी चुलीपाशी नेला होता, हे तुला कळावं म्हणून सांगते. जाळला नाही, त्यातलं तुझं चित्र बघायचं राहिलं होतं.

मी मारल्या तुझ्या रेघा? आठवतं तुला, आप्पांचा हात कापायला लागला ते वर्ष? छापखान्याचे सगळे लाकडी ठसे आप्पा कोरायचे. पंचांगातल्या राशी, लग्नपत्रिकेतला गणपती, गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं. हात कापायला लागला तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्यांच्या रेघेवरून. लांब रेघ ते एका दमात ओढेनासे झाले, तुकड्या-तुकड्याने ओढून सांधायला लागले. मी नुकतीच सासरहून पांढरं कपाळ घेऊन परत आले होते, दिवसभर करायला काही नव्हतं. एके दुपारी ते झोपले असताना त्यांच्या हातातलं काम मी पुरं करून ठेवलं. उठल्यावर त्यांनी ठसा हातात घेतला, उलटसुलट केला आणि छापखान्यात पाठवून दिला. आमच्यात त्यावर कधीच बोलणं झालं नाही. पुढे सगळेच ठसे मी कोरले, त्यांच्या नावावर. कृष्णमूर्तींना माहीत होतं की नाही, देव जाणे. तुला मात्र माहीत होतं, कारण चित्रं तू आणायचास आणि ओसरीवर बसून मी कोरताना बघायचास.

कसं काम करायचो आपण! लाकडात जे राखावं ते काळं छापतं, जे कोरून काढावं ते पांढरं राहतं. म्हणजे काळं तुझं, पांढरं माझं, असं तूच म्हणायचास. तुला जागा मोकळी सोडवायची नाही कधी. देवीमागे ढग, ढगांमागे डोंगर, डोंगरावर पुन्हा देऊळ, अशी तुझी खोगीरभरती. मी भांडायचे, तू चिडायचास, चिडून अर्ध्या वाटेवरून घरी जायचास आणि परत येऊन म्हणायचास की डोंगर काढून टाक. नंतर नंतर तर तू देवीचे डोळे काढायचेच सोडून दिलेस. कागदावर चेहरा कोरा ठेवून आणायचास. उजेड कुठून येतो आहे ते तुला जास्त कळतं, डोळे तूच कर, म्हणायचास. त्या पंचांगावरची लक्ष्मी लोकांनी कापून चौकटीत लावली, तिरुविडैमरुदूरपर्यंत घराघरात लागली. तिचे डोळे कुणाचे रे, एकोजी? मेलेल्या रेघेचे?

आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तुझी सही, ए. तमिळ वाचकांना ती वेलबुट्टी वाटायची, पण तुझा हट्ट की नाव आपल्या लिपीतच हवं. कागद लाकडावर पालथा घालून चित्र उतरवायचं, म्हणून ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. तुझा तो ए मी इतक्यांदा उलटा कोरला आहे की डोळे मिटूनही कोरीन. त्याचं शेपूट किती खाली उतरतं, शेवटी तू मनगट कसं झटकतोस, ते माझ्या बोटांना पाठ आहे. शेजारी माझं अक्षर कोरावं असं मला एकदाही सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही. मला कोण देणार होतं नाव? पण तू निदान विचारून बघायचंस.

मग जस्ताचे ठसे आले. चित्राचा फोटो काढायचा, ॲसिडला जस्त खाऊ द्यायचं, झालं काम, हात लावायला नको. मद्रासच्या कंपनीने तुला बोलावलं तेव्हा तू घाटावर मला सांगायला आलास. तिकडे बस्तान बसलं की आप्पांना आणि मला नेशील, म्हणालास. मी नदीकडे बघत उभी राहिले, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर मी खरं मानलं असतं. तुझ्या आईने त्याआधी कधीतरी आपल्या दोघांच्या बसण्या-उठण्याबद्दल आप्पांना सुनावलं होतं. माझी पत्रिका कुणी मागितलीच नाही, कपाळ बघूनच काम भागलं. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. गावात तुझ्या जागी दुसरा असता तर तोही हेच करता. पण लग्नाचं राहू दे, तू मला कामातूनही काढलंस, आणि आता छापून सांगतोस की बरं झालं. हे मला सोसत नाही. सांगून टाकते, मला फार लागलं आहे.

इकडची खबर विचारली नाहीस तरी सांगते. मागच्या वर्षी छापखान्याची माळ्यावरची अडगळ उपसली आणि आपले सगळे ठसे कृष्णमूर्तींनी टोपल्यांत भरून माझ्याकडे पाठवले, बिचाऱ्यांना फेकवेनात. मला ठेवायला जागा नाही. काही तुझ्या गोपालकृष्णांवर, काही राशींवर मी आंघोळीचं पाणी तापवलं. चांगले जळतात, लाकूड घट्ट होतं. लक्ष्मी तेवढी ठेवली आहे, ती दाराला आडवी लावायला बरी पडते. मी आता रबरी शिक्के कापते. वकिलांचे, सहकारी सोसायटीचे, लग्नमंडपवाल्यांचे. पुन्हा तेच, दुसऱ्यांची नावं उलटी. डोळे शाबूत आहेत आणि हातही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. राग थोडा निवल्यावर मी चुलीपाशीच बसून तुझं चित्र पाहिलं. महामहमचं तळं, चारी बाजूंनी उतरत जाणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या म्हणजे नुसत्या लांब सरळ रेघा. एकोजी, त्यातली एकही रेघ तू एका दमात ओढलेली नाहीस. तुकडे सांधले आहेस, आणि सांधे झाकायला पायऱ्यांवर माणसं बसवली आहेस. लोकांना वाटेल, काय गर्दी रंगवली आहे! मी मात्र खाली सहीकडे बघितलं. तुझा ए कापतो आहे. शेपूट मध्येच थांबून पुन्हा निघालं आहे, शेवटचा झटका नाहीच. आप्पांचंही असंच सुरू झालं होतं. तुझा लाडका कॅमेरा सगळं जसंच्या तसं दाखवतो, हेही दाखवतो. आज ते फक्त मला दिसलं, वर्षभरात कंपनीला दिसेल. घरी तू सांगितलं नसशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्या बायकोच्या, त्रिपुरसुंदरीच्या हाती हे पत्र पडू दिलं नाही. तेव्हा असं कर. यापुढे चित्र पेन्सिलने काढायचं आणि कॅमेऱ्याकडे नेण्याआधी टपालाने इथे पाठवायचं. शाई मी भरीन. आडवीतिडवी पेन्सिल चालेल, तुला काय म्हणायचं आहे ते मला कळतं. कुणाला कळणार नाही, आप्पांचं कुठे कळलं होतं? मी तुला माफ केलं आहे असा अर्थ काढू नकोस, ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकच अडचण आहे. तुझा ए मला सुलटा काढता येत नाही, हात आपोआप उलटा वळतो. कालपासून पाटीवर गिरवते आहे. पहिलं चित्र येईपर्यंत जमेल.

वाट बघते,
इतकं सगळं लिहूनही तुझीच,
भवानी