गावच्या जावयाने ठोकलेली गाडी

११ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी ठोकली! मामाजी वाचले — कपाळाला टाके पडले, बाकी धडधाकट आहेत. देवाने एवढं तरी ऐकलं.

ड्रायव्हरने दांडी मारली म्हणून मामाजी स्वतःच पिकअप घेऊन अकोल्याला गेले, नवे गंज, म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकाची मोठी पातेली, आणायला. हे भातकुलीच्या लग्नात मंडप बांधत होते. मी म्हटलं, राहू द्या, उद्या आणू. तर म्हणाले, "एसटी हाकली म्या जनमभर. हे पिकअप म्हंजे खेळनं होय." येताना बोरगाव मंजूजवळ ट्रकशी टक्कर! ट्रक ओव्हरटेक करताना आडवा अंगावर आला म्हणे. क्रेनने गाडी परत अकोल्यालाच गॅरेजमध्ये नेली.

पुढचं तर ऐकण्यासारखं आहे. पोलिसांना बोलावलंच नाही! का, तर ट्रकवाला आमच्या गावचा जावई निघाला — शाकीब टेलरचा जावई. "जावयावर केस करते काय कोनी?" वर त्याला चहा पाजला, हातावर नोट ठेवली आणि वाटेला लावलं. ज्याने ठोकलं त्यालाच आहेर! आम्ही अमरावतीत येऊन इतकी वर्षं झाली, पण नांदगावकडचं ते गाव काही मामाजींच्या अंगातून जात नाही. सासरे आहेत, बोलायची सोय नाही. गिळलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विमा कंपनीला फोन. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. मध्ये तेच ते गाणं. शेवटी एक मुलगी बोलली, ती म्हणे सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडीला हात लावू नका. हात कशाला लावते बाई, गाडी नव्वद किलोमीटर लांब पडली आहे.

टाके ओले असतानाही मामाजी सकाळी केतकीला स्कूटीवर शाळेत सोडून आले. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. खरं सांगायचं तर मला तेवढाच आधार आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अकोल्याला जाऊन आले. पाय दुखतात, कंबर दुखते, डोकं तर विचारूच नका.

गाडी बघितली आणि रडूच आलं. आमच्या बिछायत केंद्राची ती एकच गाडी. गाद्या, गंज, खुर्च्या, सगळं तिच्यावर. दारावर 'केतकी' लिहिलं आहे, ते तेवढं शाबूत.

गॅरेजवाले परवेजभाई चांगले आहेत. खुर्ची दिली, चहा मागवला. "भाभी, सामान का काही टेन्शन नाही. फक्त कंपनीचं हो म्हननं आलं पायजे." सर्व्हेअर उशिरा आला. तरुण आहे, घामाघूम. गाडीभोवती फिरला, फोटो काढले, खाली वाकला. मग मला विचारलं, "ट्रक बाजूने आला म्हणता ना? मग बाजूला ओरखडासुद्धा कसा नाही?"

मला काय माहीत! मी होते का तिथे?

त्याचं म्हणणं, चूक तुमची असो की त्याची, तुमचा विमा पूर्ण आहे, कंपनी भरून देईल. पण झालं कसं ते खरं कळलं पाहिजे. सांगितलेली गोष्ट आणि चेपलेला पत्रा जुळत नाही, असंच गेलं तर क्लेम नामंजूर होईल. एक तर पोलिसांचा पंचनामा आणा, नाही तर त्या ट्रकवाल्याला समोर आणून उभं करा.

पंचनामा कुठला आणू? तिथे तर जावयाचा पाहुणचार चालला होता!

१६ फेब्रुवारी, रविवार

मामाजींना सगळं सांगितलं. म्हटलं, सर्व्हेअरशी तुम्हीच एकदा बोला. पेपर पुढ्यात धरून बसले होते, नुसते बसले होते. म्हणाले, "त्या पोट्ट्याले काय समजते? म्या सांगतलं थेच खरं." आणि उठून गेले. जाताना दारात यांना धडकले. चहाचा कप गेला.

त्या दिवसापासून मामाजी स्वतःत नाहीत. धक्का बसला असणार. भिंतीवर एसटीने दिलेला बिल्ला आहे, इतकी वर्षं एकही अपघात नाही म्हणून. त्यांच्या आयुष्याची कमाई आहे ती. मी जास्त बोलले नाही.

१८ फेब्रुवारी

दुसऱ्याची गाडी भाड्याने. लग्न उरकलं. एक सतरंजी हरवली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रकवाल्याचा नंबर क्रेनवाल्याकडून मिळवला. अन्सार नाव आहे, हिवरखेडचा. तीनदा फोन केला. पहिल्यांदा उचलला, मी कोण ते सांगितलं तर म्हणाला, "ताई, गाडीवर आहे, नंतर बोलतो." नंतर कसलं! आता उचलतच नाही.

असे जावई! सासुरवाडीचा चहा गोड लागला, आता तोंड कडू झालं. मामाजींनी याला सोडायला नको होतं. काहून सोडलं असेल? आता माझ्याही तोंडात हे काहून बसलं.

आजचा एकच विरंगुळा. केतकी सांगत होती, शाळेत जाताना ती आणि आबा एक खेळ खेळतात. ती स्कूटीवर पुढे उभी राहते आणि समोर जे येईल ते ओरडते — गाय! ऑटो! खड्डा! लाल लाईट! "मी हुकले नाही तर आबा शाबासकी देतात." घरात एवढं सुतक आणि या दोघांची गंमत चालली आहे. जीव लावतात मामाजी तिला, हे मात्र खरं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीचा फोन. शनिवारनंतर थांबणार नाहीत, आहे त्या कागदावर फाइल बंद करतील. म्हणजे नामंजूर. हे म्हणाले, गाडी भंगारात देऊ, धंदा बंद करू, मी कुठे तरी नोकरी पाहतो. इतक्या शांतपणे म्हणाले की मला भीतीच वाटली.

मी कंटाळले आहे. फोनला, बसला, सगळ्यांना समजून घ्यायला.

१ मार्च, शनिवार

आज हिवरखेडला गेले. अकोल्यात बस बदलून, धूळ खात. अन्सार घरी नव्हता. बायको नईमा होती, चांद दिसला तर उद्यापासून रोजे म्हणून घर धुऊन राहिली होती. हात पुसत आली, पाणी दिलं. मी मनात भांडण घोकून गेले होते, पण माहेरवाशीण म्हणून गोडच सुरुवात केली. म्हटलं, तू आमच्या गावची लेक, मग तुझ्या माणसाने असं करावं का?

ती म्हणाली, "कोन्तं गाव, ताई? माह्यं माहेर तं अकोटचं. शाकीब टेलर कोन?"

म्हणजे तो जावईच नाही! म्हाताऱ्या माणसाला खोटं नातं सांगून पळाला! मी काय काय बोलले ते आता आठवतही नाही. ती रडली. म्हणाली, ट्रकचा मागचा फाळका तुटला म्हणून मालकानं यांना कामावरून काढलं, आता हमाली करतात. मी म्हटलं, बरंच झालं. असं मी म्हटलं.

परत येताना अन्सारचा स्वतःहून फोन आला. आवाज चढवला नाही, काही नाही. मी म्हटलं, जावई म्हणवून फसवलंत! तो म्हणाला, "ताई, मी नाही म्हनलं. बाबाच म्हनले. मह्या हाताले धरून म्हनले, तू आमच्या गावचा जावई हाय, असं सांग. लय कापून राहिले होते. मी जबान देल्ली त्याइले. आता तुमी त्याइलेच इचारा."

घरी पोचले तेव्हा मामाजी झोपले होते. सर्व्हेअरला फोन करून एक दिवस मागून घेतला. चांगला माणूस आहे, सोमवारी सकाळी या म्हणाला.

२ मार्च, रविवार

विचारलं. म्हटलं, मामाजी, तो जावई नाही.

ते म्हणाले, "ट्रक उभाच होता, पोरी. रस्त्याच्या कडीले. मले दिसलाच नाही. दोन वर्सं झाले, समोरचं दिसत नाही मले." मग म्हणाले, उद्या मले ने अकोल्याले, मीच सांगतो. भिंत चाचपत गेले आणि स्कूटीची चावी आणून माझ्या हातात दिली.

केतकीला सांगितलं, आता शाळेत मी सोडणार. तिने भोकाड पसरलं. म्हणे, तुझ्यासोबत काय मजा, तुला तर सगळं दिसतं!