डबीत जागा उरली नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

अमोघभाऊ, मला सांगितलं होतं तुमच्या आईला सांभाळायचं. आंघोळ, गोळ्या, जेवण, संध्याकाळी गच्चीवर दोन फेऱ्या. ही गाण्याची डबीसुद्धा सांभाळायची हे कोणी बोललं नव्हतं. आल्या आल्या तिचंच रडगाणं. भजन लागल्याशिवाय आई घास गिळत नाहीत, आणि डबी एक ओळ म्हणते की बंद. काडेपेटीएवढी वस्तू, पण रुबाब बघा! तुम्ही भरूचला बसून म्हणता, रोज पान लिहून फोटो पाठवा. पाठवते. चौथी शिकलेली बाई आहे, अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

बाकी घर झकास. इथे अकोट्यात एवढा वारा असतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या कोयलीच्या खोलीत रिफायनरीचा नुसता वास. मला वेगळी खोली, खिडकीशी कडुनिंब. विमलाआई गोड आहेत. म्हणाल्या, अहल्या, बरं झालं तू आलीस, या घरात भांडायला कोणी उरलं नव्हतं.

डबी बंद-चालू केली, चार्जिंगला लावली, पुसली. बाजूला बारीक भोक आहे, त्यात राखाडी मळ दगडासारखा बसलेला. सेफ्टी पिनेनं खरवडून काढला. तरी पडद्यावर ‘मेमरी फुल’. तेवढं इंग्रजी मला येतं, माझ्या यशश्रीच्या फोनवर तेच असतं. यशश्री माझी मुलगी. सुरतेला कॉल सेंटरात आहे, बोलण्याचीच भाकरी खाते.

तर जागा करायला हवी. भजनं पुसली तर आई रडतील. डबीच्या दुसऱ्या कप्प्यात नावं नाहीत, नुसते आकडे. आई म्हणाल्या, ते ‘यांचे’. श्रीकृष्णराव मशीनजवळ नोकरी करून बहिरे होत चालले, तेव्हा कान जायच्या आत घरातले आवाज डबीत भरून ठेवायचे. आता ते स्वतःच नाहीत, आवाज कोणाला हवेत? न ऐकताच वरचे पाच-सहा पुसून टाकले. डबी सुतासारखी सरळ! आई दोन पोळ्या जेवल्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर

डबी ठीक. घर बिघडलंय. दाराची बेल वाजत नाही, सेल बदलला तरी नाही. कुकर शिट्टीच देत नाही. वाफ भसाभसा वर जाते, शिट्टी नाचते, आवाज नाही. खिचडी करपली.

दुपारी शेजारच्या लीलाबेन कुत्र्याला कडेवर घेऊन आल्या. “अरे बेन, आ तो साव मूंगो थई गयो!” म्हणत, पार मुका झाला म्हणून रडत होत्या. कुत्रं माझ्याकडे बघून भुंकत होतं. जबडा उघडतोय, मान झटकतेय, दात दिसतायत. पण काही नाही. मी म्हटलं, घसा बसला असेल, हळद द्या. त्यांना म्हटलं खरं. मलाच पटलं नाही.

तुमच्याकडून उत्तर म्हणून फोनवर नुसता अंगठा आला. अंगठ्यानं बेल दुरुस्त होत नाही, भाऊ.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डबी पुन्हा फुल. कोणी भरली? मी बटण दाबलेलं नाही, आईंना बटण दिसत नाही.

या वेळी ऐकून पुसायचं ठरवलं. एकात आईंचं हसणं, ते ठेवलं. एकात नुसता खोकला, लांबलचक. खोकला कोणाला हवाय? पुसला.

दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाहेर सगळं शांत. पाणी द्यायला गेले तर आई खुर्चीत वाकलेल्या, तोंड जांभळं, घशात पेरूची फोड. किती वेळ खोकत होत्या देव जाणे. पाठीत गुद्दे घातले तेव्हा फोड बाहेर पडली. मग त्या रडल्या, मला काहीतरी सांगत राहिल्या. ओठ हलत होते. अमोघभाऊ, आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

डबीत खोकणारी ती बाई आईच होती. आवाज त्यांचा होता, तो मी पुसला.

डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, येईल. मी तुम्हाला फोनवर सगळं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, दमला असाल, नीट झोपा. मी दमलेली नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

लीलाबेनना आईंजवळ बसवून डबी दांडिया बाजारात पिलाजीरावांकडे नेली. म्हातारे रेडिओ दुरुस्त करायचे, तुमच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी डबी हातात घेतली, बाजूचं भोक पाहिलं आणि खाली ठेवली. विचारलं, हे कोणी उघडलं?

मी म्हटलं, मळ होता, काढला.

मळ नव्हता. एमसील होतं. त्यांनीच भरलेलं. श्रीकृष्णराव एक दिवस घामाघूम येऊन म्हणाले होते, पिलाजी, हिचं ऐकणं बंद कर. मी बटण दाबत नाही तरी ही आवाज घेते. पिलाजीराव हसले होते, चेष्टा केली होती, बहिऱ्या माणसाला आवाजाचा त्रास म्हणून. पण भोक बुजवून दिलं. पुसलेलं परत आणता येईल का विचारलं, तर म्हणाले, बाई, गाणी येतात परत. हे मला माहीत नाही.

पुन्हा एमसील भरून घेतलं. येताना रिक्षात डबी मांडीवर गरम होती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एमसील जमिनीवर पडलेलं. खपलीसारखं. भोक उघडं.

आई डबी ढकलून देतात. भजनही नको, अशी मान हलवतात. उपाशी आहेत. हातानं मला खुणावतात, जा, तू जा. कशी जाऊ? आज कप्पा उघडला. नवीन आकडे आलेत. एकात माझ्या चपला. एकात मी लीलाबेनना टाकून बोलते ते. आणि एकात यशश्री. कालचा फोन. स्पीकरवर लावला होता, हात कणकेत होते. आई, तू तिथे नुसती भांडतेस ना, म्हणून हसतेय.

डबी फुल आहे. राहू दे फुल. मी आता काहीही पुसणार नाही.

डबी घेऊन पळाले तर वाटेत ती अजून आवाज घेईल. फेकली, फोडली, तर आतल्या यशश्रीचं काय होईल? पिलाजीरावांना फोन केला. ते म्हणाले, मला यात धरू नका.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी कप्प्यात एक आकडा कमी. मी हात लावला नव्हता. डबी कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.

चपला घालून फरशीवर चालले. जोरात. पाय आपटले.

काही नाही.

तिला जागा हवी होती, तिनं केली. वरून पुसतेय. मी केलं होतं तसंच. मीच शिकवलं तिला —

आता वर माझं बोलणं आहे. त्याखाली यशश्री.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लीलाबेनना हाक मारली. त्या दारात उभ्या, तोंडाकडे बघत राहिल्या. मग पळाल्या.

आईंनी माझा हात धरलाय.

फोन करू नका. मी बोलू शकत नाही. लिहा. बटण आहे का, वायर काढायची का, तुमचे वडील काही बोलले होते का. पोरीची नोकरी आवाजावर चालते, भाऊ. ती अजून तिशीची नाही.

डबी कपाटात लुकलुकतेय. फटीतून उजेड येतो. यशश्रीला मेसेज टाकला, मला फोन करू नको म्हणून. तिनं वाचला नाही. कामावर असेल.

तिचाच फोन आला. नाव दिसलं. उचलला. पडद्यावर सेकंद पुढे सरकतायत, फोन लागलेला आहे, आणि पलीकडून काही ऐकू येत नाही.

अमोघभाऊ, रविवारपर्यंत उत्तर हवं. रविवार म्हणजे रविवार. पुसलेलं माणसाचं परत येतं की नाही, हो की नाही, एवढंच लिहा, आणि नाही असेल तर ती आता पलीकडे काय ओरडत असेल ते मला कोण सांगणार?