पंखातली शीर

४ ऑगस्ट, रविवार
आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सगळं बदललं! पारसिकच्या टेकडीवर, झाडीत. संघप्रियाने मोबाइल पुढे केला — "ए, ही हिरवी माशी कुठली रे?" माझ्याच वर्गातली. मी बीएस्सी अर्ध्यात सोडली, ती टिकली. माशी मी बघितलीच नाही. तिच्या नखाला लागलेली माती बघत होतो.

६ ऑगस्ट
किडे ओळखायची एक वेबसाइट आहे. तिथे माशीचा फोटो टाकायचा, नाव द्यायचं. दुसऱ्याने "बरोबर" दाबलं की नाव पक्कं. तिने नऊ टाकल्या. दुसरा मी! नऊ वेळा बरोबर.
जुईनगरचे कुणी श्यामसुंदर काका, रिटायर. प्रत्येक फोटोखाली एकच रडगाणं — "पंखातल्या शिरा दिसत नाहीत, सांगता येणार नाही." मग झोपा ना घरी!

९ ऑगस्ट
बाबा शेजाऱ्यांना — "आमचे चिरंजीव? माश्या मारतात." मारत नाही, ओळखतो! या माणसाला डास आणि माशी एकच.

२१ ऑगस्ट
एकेचाळीस झाल्या. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून. प्रोजेक्ट यावरच करतेय." जेवण गेलं नाही.
काकांनी आज पुन्हा शंका काढली. मी खाली लिहिलं — "चष्म्याचा नंबर वाढला का?" तिने हसरा चेहरा टाकला. बास! जिंकलो.

२ सप्टेंबर
म्हाताऱ्याने तिचाच फोटो मोठा करून टाकलाय, लाल बाण काढून. तिने जे नाव दिलं त्या माशीची शीर सरळ जाते. हिची कोपरासारखी वळलीय. खाली — "बाळा, एकदा पंख बघ."
बघितले. पहिल्यांदाच. एकेचाळीस फोटो. सतरा चूक! हे तर पहिल्या वर्षाचं पोरगंही ओळखेल. कॉलेजला शिव्या घालत फिरणारा मी — मी फक्त फोटो कुणाचा ते बघायचो.
उद्या अकराला ती प्रोजेक्ट मांडणार.

३ सप्टेंबर, सकाळी
सतरा "बरोबर" काढून घेतले. लगेच तिचा फोन — "आज? आजच? मग महिनाभर काय बघत होतास?"
उत्तराची वाटही न बघता — "परत फोन करू नकोस." कट.

साडेनऊ
कॉलेजच्या ज्या गेटवर थुंकून आलो तिथेच चाललोय. प्रोजेक्ट तपासणाऱ्या मॅडमना सगळ्यांसमोर सांगणार — तिने नावं विचारली होती, पक्की मी केली. न बघता. हसू देत साले.
आई विचारतेय कुठे. कॉलेजला, म्हटलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं.
वही इथेच. दार ओढून घेतो.