‘रसरशीत’ची साक्ष

४ फेब्रुवारी, सोमवार

आज कचेरीत एका शब्दावरून जुंपली. शब्दकोशाचं काम ‘र’पाशी आलंय. ‘रसरशीत’ची चिठ्ठी माझ्याकडे. मी दोन अर्थ लिहिले — रसाने भरलेला. आणि तापून लालभडक झालेला, जसा निखारा. संपादकांनी दुसऱ्यावर काट मारली. म्हणे, फळ रसरशीत असतं, निखाऱ्याला कोण म्हणतं आता? जिवंत माणसाच्या तोंडून ऐकून आणा, मग ठेवू. शुक्रवारी पान छपाईला जाणार.

तीस वर्षं हे गृहस्थ खुर्चीतून हललेले नाहीत, आणि जिवंत माणसं मी शोधायची!

५ फेब्रुवारी

पुलाखालच्या लोहारीण मावशींकडे गेले. त्यांनी सांडशीने निखाऱ्यातून पहार काढली. मी कान टवकारून उभी. “सरका,” म्हणाल्या. एवढंच. तासभर बसले. लोखंड ‘आलं’, ‘तापलं’, ‘अजून कच्चंय’ — सगळं झालं, रसरशीत काही होईना. शेवटी त्यांनीच विचारलं, पाहिजे काय तुम्हाला? सांगितलं.

“मग आधी बोलायचं की. किती वेळा म्हणू?”

तीनदा म्हणाल्या. लिहून घेतलं. खुशीत घरी.

६ फेब्रुवारी

खुशी उतरली. हा तर पढवलेला साक्षीदार. संपादकांपुढे चिठ्ठी ठेवताना खरं ते सांगून बसले. वाटलं, आता खरडपट्टी. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग विचारलं, भट्टी इथून किती लांब?

पायी दहा मिनिटं, म्हटलं.

७ फेब्रुवारी

दुपारी दोघं गेलो. संपादक नाकाला रुमाल लावून, कोपऱ्यात. मावशींनी कुऱ्हाडीचं पातं बाहेर ओढलं. काजळलेल्या त्या खोलीत ते नारिंगी पातं — रुमाल खाली आला.

“अहो, केवढं रसरशीत झालंय हे!”

मी वही काढली. तारीख, वेळ, साक्षीदार: प्रमुख संपादक. मावशींना इतकं हसू आलं की हातोडा खाली ठेवावा लागला. ते मात्र हसले नाहीत. परतताना एकदाच म्हणाले, “इतकी वर्षं मी शब्द नुसते तपासले.”

८ फेब्रुवारी

दोन्ही अर्थ छपाईला गेले.

११ फेब्रुवारी, सोमवार

टेबलावर संपादकांचा राजीनामा. सोबत माझ्या नावाने दोन ओळी — ‘र’च्या पुढचं आता तुम्ही बघा. तडक भट्टीवर गेले. बाह्या वर सारून ते भाता ओढत होते. माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती.